सिंटर्ड की ऑरगॅनिक? आधी ब्रेक कोणता ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड मेगावॉटच्या, गिअरबॉक्स असलेल्या पवनचक्क्या (विंड टर्बाइन) आहेत. हाय स्पीड शाफ्टवरच्या, म्हणजे गिअरबॉक्स आणि जनरेटरमधल्या, ब्रेकचे ऑरगॅनिक (रेझिनने बांधलेले) पॅड जेमतेम वर्षभर टिकतात. शिवाय नॅसेल (टॉवरवरची यंत्रपेटी) वाऱ्याकडे वळताना तिला आवरणारा यॉ ब्रेक इतका ओरडतो की आवाज टॉवरच्या पायथ्याशी ऐकू येतो. पुरवठादार सांगतोय की दोन्हीकडे सिंटर्ड (धातूच्या पुडीपासून बनवलेले) पॅड टाका, माप तेच आहे, तिप्पट टिकतील आणि घर्षणांकही जास्त मिळेल. टाकावेत का? आणि पुरवठादाराकडे काय मागायचं?

यॉ ब्रेकला टाकू नका. हाय स्पीड ब्रेकला कदाचित चालतील, पण सध्याचे पॅड वर्षात का संपतात हे कळल्याशिवाय तिथेही घाई करू नका. मुळात प्रश्न 'कोणतं मटेरियल चांगलं' असा नाहीच. हे दोन ब्रेक इतकी वेगळी कामं करतात की एकाचा गुण दुसऱ्याचा दोष ठरतो. पुरवठादाराने 'माप तेच' म्हटलंय ते बॅकिंग प्लेटच्या (पॅडमागच्या पोलादी पाटीच्या) बाह्याकृतीपुरतं खरं आहे. ब्रेकच्या कामाचं माप वेगळंच असतं.

ते आकड्यांतच बघू. जनरेटर १५०० आरपीएमवर म्हणजे सेकंदाला १५७ रेडियन वेगाने फिरतोय. डिस्कचा व्यास ८०० मिमी आणि पॅडचा मध्य केंद्रापासून ३५० मिमीवर धरा. पॅडखालून डिस्क सेकंदाला ५५ मीटर वेगाने सरकते. ग्रिड गेल्यावर रोटर (पाती आणि ती जोडलेला हब) २० टक्के पुढे पळाला तर ६६ मीटर. आता यॉ घ्या. नॅसेल सेकंदाला अर्धा अंश फिरते, यॉ डिस्कची त्रिज्या १.२ मीटर, म्हणजे वेग सेकंदाला फक्त एक सेंटिमीटर. दोन वेगांत पाच हजारपटींचा फरक आहे. हाय स्पीड ब्रेकचा शत्रू उष्णता आहे. यॉ ब्रेकला उष्णता जवळजवळ होतच नाही. त्याचे शत्रू म्हणजे अडकत-घसरत चालणं, वंगण, ओल आणि साचलेली भुकटी.

आधी हाय स्पीड ब्रेक. तुमच्या आकाराच्या यंत्राला शोभतील असे आकडे धरतो, तुम्ही तुमच्या नेमप्लेटचे घाला. रोटरचं जडत्व ४० लाख किलोग्रॅम-मीटर वर्ग, वेग १८ आरपीएम, म्हणजे रोटरमध्ये साधारण ७ मेगाज्यूल ऊर्जा. जनरेटर आणि कपलिंग धरून ८ म्हणू. ८०० मिमी व्यासाची, ३० मिमी जाडीची पोलादी डिस्क भरते सुमारे ११८ किलो. तिचं तापमान एका अंशाने वाढवायला ५७ किलोज्यूल लागतात. ८ मेगाज्यूल पूर्ण डिस्कभर सारखे पसरले तर ती १४० अंशांनी तापेल. हे ठीक वाटतं, पण यात वारा धरलेलाच नाही.

पात्यांचा कोन बदलून वारा सोडता आला नाही आणि पूर्ण वाऱ्यात एकट्या ब्रेकवर यंत्र थांबवायची वेळ आली, असं समजा. दीड मेगावॉटला शाफ्टवर वाऱ्याचा टॉर्क येतो सुमारे ९,५५० न्यूटन-मीटर. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) दोन्ही बाजूंनी ६० किलोन्यूटनने दाबतोय, घर्षणांक ०.४ आहे, तर ब्रेकचा टॉर्क दोन गुणिले ०.४ गुणिले ६०,००० गुणिले ०.३५, म्हणजे १६,८०० न्यूटन-मीटर. वाऱ्याला पुरून उरतात ७,२५०. वाऱ्याचा टॉर्क स्थिर धरला तर एवढ्या जोरावर यंत्र थांबायला १४ सेकंद लागतात आणि डिस्कमध्ये १९ मेगाज्यूल जिरतात. डिस्कचं सरासरी तापमानच ३३० अंशांनी चढतं. पॅडखालचा पृष्ठभाग त्याहून बराच वर जातो, कारण उष्णतेला आत झिरपायला वेळच मिळत नाही.

याच थांबण्याच्या मधोमध घर्षणांक ढासळला तर? हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा सुरुवातीपासूनच तो ०.२५ होता. ब्रेकचा टॉर्क होतो १०,५००. वाऱ्याला पुरून उरतात जेमतेम ९५०. थांबायला १४ सेकंदांऐवजी पावणेदोन मिनिटं लागतील आणि तेवढ्या वेळात ९० मेगाज्यूल डिस्कमध्ये जातील. हिशेबाने डिस्क वितळायला हवी. म्हणजे त्याच्या खूप आधी पॅड संपलेला, सील जळालेले आणि नॅसेलमध्ये आग. घर्षणांक चाळीस टक्क्यांनीही घटलेला नाही आणि उष्णता जवळजवळ पाचपट झाली. म्हणून या ब्रेकसाठी मी कॅटलॉगमधला सरासरी घर्षणांक बघत नाही, ४०० अंशांना तो किती उरतो ते बघतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. 'घर्षणांक जास्त' ही जाहिरात ऐकून खूश होऊ नका. तो ०.५५ झाला तर ब्रेकचा टॉर्क २३,१०० होतो, यंत्राच्या नेहमीच्या टॉर्कच्या २.४ पट. तो कपलिंगमधून गिअरबॉक्सच्या दातांवर धक्क्यासारखा येतो. उलटा धक्का बसून दात एकमेकांपासून सुटतात आणि परत आदळतात. गिअरबॉक्स ज्या ब्रेक टॉर्कसाठी डिझाइन झालाय त्याच्या पट्ट्यातच घर्षणांक बसला पाहिजे, वरूनही आणि खालूनही. पॅड बदलताना घर्षणांक बदलत असेल तर दाब किंवा स्प्रिंगची सेटिंग बदलावी लागते. तो निर्णय गिअरबॉक्सच्या आकड्यांशिवाय होत नाही.

आता तुमच्या 'वर्षात संपतात' या तक्रारीकडे येऊ. आधुनिक पिच-नियंत्रित (पात्यांचा कोन बदलता येणाऱ्या) यंत्रात थांबवण्याचं काम पाती करतात. तिन्ही पात्यांचा कोन स्वतंत्रपणे बदलतो आणि एखादं पातं अडकलं तरी बाकीची दोन यंत्र सुरक्षित वेगावर आणू शकतात. ब्रेक शेवटी लागतो. ३०० आरपीएमला लागला तर वेग पाचवा हिस्सा, ऊर्जा पंचविसावा हिस्सा, म्हणजे ८ मेगाज्यूलऐवजी ०.३२, आणि डिस्क जेमतेम सहा अंशांनी तापते. अशा थांबण्याने ऑरगॅनिक पॅड वर्षात संपूच शकत नाहीत. तुमचे संपतायत, म्हणजे तीनपैकी काहीतरी घडतंय: ब्रेक जास्त वेगावर लागतोय, पॅड डिस्कला सतत घासतोय, किंवा पॅडवर तेल येतंय. (यंत्र जुन्या स्टॉल पद्धतीचं, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारं, असेल तर हे गणित बदलतं. तिथे यांत्रिक ब्रेकवर खरंच जास्त भार असतो.)

कंट्रोलरचा लॉग काढा आणि प्रत्येक ब्रेक लागण्याच्या क्षणाला शाफ्टचा वेग किती होता ते बघा. बहुतेक यंत्रांत इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबलं की पिच आणि ब्रेक एकाच वेळी लागतात. देखभालीसाठी यंत्र थांबवायला दरवेळी तेच बटण दाबायची सवय असेल तर पॅड तिथेच जातायत. आधी साधा स्टॉप देऊन वेग उतरू द्यायचा, मग ब्रेक. पॅडचं आयुष्य वाढवायला याहून स्वस्त उपाय नाही. आणि यंत्र दिवसेंदिवस ब्रेक लावून उभं ठेवत असाल तर तेही थांबवा. थांबलेला रोटर वाऱ्याने हलत राहतो, गिअरचे तेच ते दात एकाच जागी घासतात, पॅडही डिस्कवर किंचित मागेपुढे होत राहतो. पाती फेदर करून (कड वाऱ्याकडे वळवून) यंत्र संथ फिरू द्या. माणूस आत काम करणार असेल तर रोटर लॉकची पिनच लावायची. ब्रेकवर विसंबून कुणालाही हबमध्ये पाठवू नका.

दुसरी तपासणी कॅलिपरची. दोन्ही पॅडची जाडी चार कोपऱ्यांवर मोजा. एक पॅड संपलेला आणि दुसरा जवळजवळ नवा असेल तर तरंगता कॅलिपर गाइड पिनवर अडकलाय. एकच पॅड पाचरीसारखा झिजला असेल तर कॅलिपर वाकडा बसलाय किंवा डिस्क हेलकावे खातेय. डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवा आणि हेलकावा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. ब्रेक सोडलेला असताना दोन्ही बाजूंनी फट दिसली पाहिजे, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. फट नसेल तर पॅड रोज घासतोय. फट खूप वाढली असेल तर उलटा धोका आहे: स्प्रिंगने लागणाऱ्या आणि हायड्रॉलिकने सुटणाऱ्या ब्रेकमध्ये पॅड जितका झिजेल तितकी स्प्रिंग मोकळी होते आणि दाब घटतो. फट वेळेवर जुळवली नाही तर अर्ध्या झिजलेल्या पॅडचा ब्रेक नव्या पॅडइतका जोर लावत नाही, आणि ते कुठल्याही डिस्प्लेवर दिसत नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांनी बघायची. काढलेला पॅड उजेडात धरा. निरोगी ऑरगॅनिक पॅडचा पृष्ठभाग मॅट, करडा-काळा असतो आणि त्यात तंतूंचे आणि धातूचे बारीक ठिपके दिसतात. नख फिरवलं तर किंचित खरखर लागते. ग्लेझ झालेला पॅड काळ्या काचेसारखा चमकतो, नख सरकून जातं. तेल प्यायलेल्या पॅडच्या कडेला गडद ओलसर पट्टा असतो. स्वच्छ कागदावर रात्रभर पालथा ठेवला की कागदावर डाग उमटतो. तापून गेलेल्या पॅडच्या कडा पांढुरक्या आणि ठिसूळ होतात, बोटाने चोळलं तर भुकटी निघते. डिस्कही बोलते. पोलादावर फिकट पिवळा रंग म्हणजे तापमान सुमारे २३० अंशांपर्यंत गेलं होतं, जांभळट म्हणजे २८०च्या आसपास, निळा म्हणजे ३०० आणि त्याच्या पुढे करडा. कडेला सगळीकडे सारखा पिवळेपणा असेल तर चिंता नको. एकाआड एक निळे डाग असतील तर पॅड पूर्ण टेकत नाहीये, काही ठिपक्यांवरच सगळी उष्णता जातेय. त्रिज्येच्या दिशेने नखाला अडकतील अशा बारीक भेगा असतील तर पॅड कोणताही टाका, ती डिस्क आधी तपासून घ्या.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही ब्रेक खरोखरच जास्त वेगावर लागणं टाळता येत नसेल, तर मग मटेरियलचा विचार करायचा. त्यासाठी दोन्ही पॅड आतून काय आहेत ते कळायला हवं.

ऑरगॅनिक पॅड म्हणजे फिनॉलिक रेझिनने बांधलेलं मिश्रण. त्यात अ‍ॅरामिड किंवा काचेचे तंतू, कधी पोलादी किंवा पितळी तंतू, भरणीला बराइट, वंगणासारखं काम करणारं ग्रॅफाइट, थोडं रबर, आणि काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेली घर्षण भुकटी. हे साच्यात गरम दाबतात आणि मग भट्टीत तासन्‌तास पक्कं करतात. घर्षणांक साधारण ०.३५ ते ०.४, स्वभाव शांत, डिस्कला सांभाळून घेणारा. मर्यादा रेझिनची: २५० ते ३०० अंशांपलीकडे ते विघटित होऊ लागतं. निघालेला वायू पॅड आणि डिस्कमध्ये गादीसारखा अडकतो आणि घर्षणांक कोसळतो. भट्टीत कच्चा राहिलेला पॅड तर पहिल्याच जोरदार थांबण्यात असं करतो. एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्ये फरक जाणवण्याचं हे एक मोठं कारण.

सिंटर्ड पॅडमध्ये रेझिन नसतंच. तांबं, कथील, लोखंड यांची पूड, ग्रॅफाइट आणि अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकासारखे कठीण कण एकत्र दाबून, हवा दूर ठेवलेल्या भट्टीत साधारण ८०० ते १,००० अंशांना कण एकमेकांना चिकटवतात. मग तो तयार तुकडा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी प्लेटवर जोडलेला असतो. रेझिन जळण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे ५०० अंशांनाही घर्षणांक बऱ्यापैकी टिकतो, झीज कमी. वेग जास्त आणि ऊर्जा जास्त, तिथे हे मटेरियल त्याचं काम चोख करतं. मोठ्या यंत्रांच्या हाय स्पीड ब्रेकवर ते सर्रास दिसतं ते यामुळेच.

पण तिप्पट टिकण्याची किंमत दुसरं कुणीतरी भरतं, आणि बदल करण्याआधी ते तपासावं लागतं. पहिलं, डिस्क. सिंटर्ड पॅडमधले कठीण कण मऊ पोलादावर चरे पाडतात. पॅड वाचतो, डिस्क झिजते. पॅड बदलायला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो, डिस्क बदलायला कपलिंग सोडावं लागतं आणि नंतर अलाइनमेंट. तुमची डिस्क कोणत्या पोलादाची किंवा बिडाची आहे आणि किती कठीण आहे हे ड्रॉइंगवर बघा, आणि ती सिंटर्डसोबत चालते असं डिस्क किंवा ब्रेक बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. पॅड विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन इथे कामाचं नाही. दुसरं, सील. ऑरगॅनिक पॅड उष्णतेला अडवतो, तर सिंटर्ड पॅड तीच उष्णता कितीतरी पट सहज मागच्या पिस्टनकडे पोचवतो. नायट्राइलचे सील सतत १०० अंशांच्या पलीकडे कडक होऊन गळायला लागतात. गळलेलं तेल पडतं ते थेट तापलेल्या डिस्कवर. म्हणून पॅड आणि पिस्टनमध्ये उष्णतारोधक पत्रा आहे का, सील फ्लोरोरबरचे आहेत का, ते बघा.

तिसरं, ठिणग्या. सिंटर्ड पॅड जोरात लागला की तापलेले धातूकण उडतात. कॅलिपरभोवती आच्छादन नसेल, खाली तेलाने माखलेली ट्रे असेल, बाजूला केबल आणि फोमचं साउंडप्रूफिंग असेल, तर आगीला लागणारं सगळं तिथे जमा आहे. ब्रेकची जागा स्वच्छ आणि झाकलेली नसेल तर मी सिंटर्डला होकार देणार नाही, बाकी सगळं जुळलं तरी. चौथं, मिसळ चालत नाही. एका डिस्कवरचे सगळे पॅड एकाच मटेरियलचे आणि शक्यतो एकाच बॅचचे. आणि ऑरगॅनिकवरून सिंटर्डवर जाताना डिस्कवर बसलेला जुना रेझिनचा थर घासून काढल्याशिवाय नवा पॅड नीट बसणारच नाही.

इथवरचा सारांश: हाय स्पीड ब्रेकसाठी आधी लॉग, मग कॅलिपर, मग डिस्क, आणि त्यानंतरच मटेरियल.

आता यॉ ब्रेक. आवाज का येतो ते समजलं की सिंटर्ड तिथे का नको ते आपोआप कळतं. नॅसेल वळताना यॉ ब्रेक पूर्ण सुटत नाही. तो थोडा दाब ठेवून घासत राहतो, म्हणजे वाऱ्याच्या झोताने नॅसेल गचके खात नाही आणि यॉ गिअरचे दात वाजत नाहीत. पूर्ण पकडीचा दाब १५० ते २०० बारच्या घरात असेल तर वळतानाचा दाब २०-३० बार असतो. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला धरा. सेकंदाला एक सेंटिमीटर इतक्या संथ वेगात पॅड आधी चिकटतो. यॉ मोटर जोर लावतच असते, गिअर आणि बेडप्लेट स्प्रिंगसारखे पिळले जातात, मग पॅड एकदम सुटतो, घसरतो आणि पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला कित्येक वेळा घडतं आणि टॉवरची नळी ते भोंग्यासारखं वाढवते. स्थिर घर्षणांक आणि चालतानाचा घर्षणांक यांत जितका जास्त फरक, तितकं हे जोरात.

म्हणून यॉ पॅडमध्ये घर्षणांकाचा मोठा आकडा शोधायचा नसतो, दोन घर्षणांक एकमेकांच्या जवळ आहेत का ते शोधायचं. चांगल्या ऑरगॅनिक पॅडमध्ये रबर, ग्रॅफाइट आणि अ‍ॅरामिडचं प्रमाण त्यासाठीच जुळवलेलं असतं. सिंटर्ड पॅड थंड, संथ आणि दमट परिस्थितीत नेमका उलटा वागतो. त्यातलं लोखंड आणि डिस्क, दोन्ही गंजतात आणि नॅसेल दोन दिवस एकाच दिशेला राहिली की पॅड गंजाने डिस्कला धरून बसतो. सुटताना मोठा धक्का, वर डिस्कवर चरे. यॉ डिस्क कधी कधी टॉवरच्या फ्लँजसोबतच बोल्टने आवळलेली असते. ती बदलायची तर नॅसेल उचलावी लागते. पॅडच्या आयुष्यासाठी ही डिस्क पणाला लावणं मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

तुमच्या आवाजाचं कारण मला बहुधा डिस्कवरच सापडेल असं वाटतं. यॉ बेअरिंगचं किंवा दातांचं ग्रीस डिस्कच्या वरच्या तोंडावर उतरतं, झिजलेल्या पॅडची भुकटी त्यात कालवली जाते आणि दाबाखाली तिचा चकचकीत काळा थर तयार होतो. नवे पॅड टाकले की चार आठवडे शांतता, मग पुन्हा तोच ओरडा, असं होत असेल तर थर डिस्कवर तसाच राहिलाय.

काम असं करायचं. वाऱ्याची मर्यादा मॅन्युअलप्रमाणे बघून, यॉ लॉक करून, हायड्रॉलिक दाब शून्यावर आणून एकेक कॅलिपर घ्या. सगळे एकदम काढायचे नाहीत. पॅड काढल्यावर पिस्टनच्या कडेला तेल आहे का बघा. असेल तर सील बदलल्याशिवाय नवा पॅड टाकणं म्हणजे नवा पॅड वाया घालवणं. तेल प्यायलेला पॅड क्लीनरने धुऊन परत बसवू नका. वरून कोरडा दिसतो, पण छिद्रांत मुरलेलं तेल दाब आणि ऊब मिळाली की पुन्हा वर येतं. डिस्क आधी ब्रेक क्लीनर आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. मग ६० ते ८० ग्रिटच्या कागदाने ऑर्बिटल सँडर वापरून चकचकीत थर काढा, वरचं आणि खालचं, दोन्ही तोंडं. पृष्ठभाग आरशासारखाही नको आणि नखाला अडकणारे ओरखडेही नकोत. मग पुन्हा क्लीनर. भुकटी हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढायची, कॉम्प्रेस्ड हवेने उडवायची नाही, आणि बारीक कणांचा मास्क लावूनच. जुन्या यंत्रात कोणते पॅड होते याची नोंद नसेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं असं धरूनच काम करा.

बसवून झाल्यावर वळतानाचा दाब गेज लावून मोजा. परतीच्या लाइनमधला प्रेशर व्हॉल्व्ह घाणीने अडकून २५ऐवजी ६० बार दाब राहिला तर जगातला उत्तम पॅडही ओरडेल, झिजेल आणि यॉ मोटर ट्रिप करेल. ही पाच मिनिटांची तपासणी मी पॅडची ऑर्डर देण्याआधी करायला सांगतो. मग कमी वाऱ्यात नॅसेल दोन्ही दिशांना पूर्ण फेरे फिरवा, केबलच्या पिळाची मर्यादा सांभाळून. सुरुवातीचे काही फेरे नवा पॅड थोडा आवाज करेलच. फेरे झाल्यावर दोन पॅड काढून बघा: सुमारे ८० टक्के भागावर घासल्याची खूण दिसली पाहिजे.

हाय स्पीड ब्रेकचं बेडिंगही (नवा पॅड डिस्कवर घासून बसवणं) टाळू नका. नवा पॅड उंचवट्यांवरच टेकतो, त्यामुळे सुरुवातीला ब्रेकचा जोर ठरल्यापेक्षा बराच कमी असतो. पाती फेदर, यंत्र संथ फिरतंय, अशा वेळी कमी दाबाने दोन-तीन सेकंद ब्रेक लावायचा, सोडायचा, डिस्क थंड होऊ द्यायची, पुन्हा लावायचा. किती वेळा आणि किती वेगावर हे ब्रेक बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे. सिंटर्डला साधारणपणे ऑरगॅनिकपेक्षा जास्त आवर्तनं लागतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क बघत राहा. मात्र घासून चकचकीत झालेल्या पोलादावर तो तापमान कमी दाखवतो, म्हणून डिस्कच्या कडेला उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका देऊन तिथेच मोजा. शेवटी फट पुन्हा जुळवा, कारण बेडिंगमध्येच काही दशांश मिलिमीटर गेलेले असतात. आणि ब्रेक टॉर्कची चाचणी झाल्याशिवाय यंत्र ताब्यात देऊ नका.

पुरवठादाराकडे काय मागायचं, हेही तुम्ही विचारलं होतं. पॅडवर 'एफएफ' सारखी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं साध्या तापमानाचा घर्षणांक सांगतं आणि दुसरं गरम झाल्यावरचा: ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पट्टा किती रुंद आहे बघा. ०.३६ आणि ०.४४, दोन्हींना एफच. आणि ही अक्षरं एसएई जे६६१ चाचणीची, ज्यात इंचभर चौकोनी तुकडा ड्रमवर घासतात. बॅच सारखी येतेय का हे तपासायला ती उत्तम, पण तुमच्या ब्रेकचं भाकीत ती करत नाही. तुम्ही मागायचं ते पूर्ण आकाराच्या पॅडच्या डायनॅमोमीटर चाचणीचा आलेख: तुमच्या वेगाला, तुमच्या दाबाला, तुमच्या डिस्कच्या पोलादावर, एकापाठोपाठ थांबण्यांत घर्षणांक कसा बदलतो. यॉ पॅडसाठी सेकंदाला एक सेंटिमीटरच्या आसपासचा स्थिर आणि चालता घर्षणांक, कोरड्या आणि दमट अशा दोन्ही अवस्थांत. सोबत बॅकिंग प्लेटवरच्या जोडणीची कातर-ताकद, बॅच नंबर आणि अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचं प्रमाणपत्र. हा आलेख देता येत नसेल तर 'तिप्पट टिकतील' हे त्याने कशावर टिकवून बघितलं, ते विचारा.

लॉगमधला ब्रेक लागतानाचा वेग, चार कोपऱ्यांची जाडी आणि यॉ वळतानाचा दाब, एवढ्या तीन गोष्टी एका टर्बाइनवर आधी मोजा. ते आकडे आणि डिस्कचा एक स्वच्छ फोटो दिलात, तर हाय स्पीड बाजूला सिंटर्ड टाकायचे की नाही ते नेमकं सांगता येईल.